शेवटचा पाना कोणी मारायचा

ड्रायव्हर प्यारेलालने गाडी गेटसमोरच्या स्पीडब्रेकरवरून नेली आणि पलीकडे गेल्यावर ती चार वेळा डुलली. मी मोजलं. आत सरोज सिस्टर लसींचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून बसल्या होत्या.

"आता तुम्हीच सांगा काका," डॉक्टर कानिटकर म्हणाल्या, "ही गाडी घेऊन मी डोंगरात कशी जाऊ?"

"शॉक गेलेत," मी म्हणालो. "चारही."

जबलपुरातली एक संस्था फिरता दवाखाना चालवते. कानिटकर तिच्या मुख्य डॉक्टर. निवृत्तीनंतर मी आठवड्यातून तीन दिवस तिथे गाड्यांचं पाहतो. त्याआधीची सगळी नोकरी रांझीजवळच्या कारखान्यात झाली. तिथे लष्करासाठी ट्रक आणि जीपगाड्या बनत. सुरुवातीची अकरा वर्षं मी फिटर होतो, नंतर डिप्लोमाच्या जोरावर इन्स्पेक्शनमध्ये गेलो. संस्थेकडे गाड्या तीन आहेत, पण कुंडमच्या पुढे डांबर संपतं तिथून वर जाणारी एकच. उंच, चारही चाकांना ताकद देणारी, जुनी. दर मंगळवारी ती डोंगरातल्या गावांत जाते.

शॉक म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की गाडीचं वजन शॉकवर असतं. तसं नाही. वजन कमानींवर असतं, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांवर. खड्डा आला की कमानी दबतात आणि परत उसळतात. त्यांना तसंच सोडलं तर त्या उसळतच राहतील. शॉक त्यांना आवरतो. ते तेलाने भरलेलं एक नळकांडं असतं. एक टोक वर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दुसरं खाली ॲक्सलला. आतलं तेल बारीक छिद्रांतून जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उसळी मरते. आमच्या गाडीच्या शॉकांतलं तेल गळून गेलं होतं. राहिली होती नुसती नळकांडी.

मूळचेच शॉक परत घालण्यात अर्थ नव्हता. त्या गाडीत आता औषधांची पेटी, लसींचा डबा, ऑक्सिजनचा सिलिंडर आणि बहुतेक वेळा येताना एखादा पेशंट असे. म्हणून मी जास्त ताकदीचे, गॅस भरलेले शॉक मागवले होते. चार खोकी माझ्या टेबलाखाली येऊन पडली होती. प्रश्न एवढाच होता की ते बसवायचे कोणी.

"गोरखपूरच्या संतोषकडे काहून नाही देत?" डॉक्टरांनी विचारलं. "अर्ध्या दिवसात करून देईल तो."

"मीच बसवतो."

"तुम्ही?"

"अकरा वर्षं हेच केलंय, मॅडम. दिवसाला कितीतरी गाड्या."

"तेव्हा तुम्ही तिशीत होते काका. आता गाडीखाली गेले तर बाहेर कोण काढेल तुम्हाला?"

"प्यारेलाल आहे."

प्यारेलालने दुसरीकडे पाहिलं.

मी हट्ट का केला ते इथे लिहून टाकतो. संतोष मिस्त्रीचं गॅरेज जबलपुरातल्याच गोरखपूर भागात आहे आणि तो चांगला आहे, हे मला माहीत होतं. पण विनायक तांबेला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. विनायक आणि मी कारखान्यात एकाच वर्षी लागलो. क्वार्टर शेजारी, निवृत्तीनंतरची घरंही रांझीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर. संध्याकाळी वाचनालयात तो पेपर वाचायचा आणि मी पुस्तक. तो गेल्यापासून माझं वाचन थांबलं होतं. पान उघडायचो आणि तेच पान समोर राहायचं. मला हाताला काम हवं होतं, ज्यात डोकं कमी आणि जोर जास्त लागतो असं काम.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण संतोषला एकदा बघून जायला सांगितलं. तो आला, गाडीखाली डोकं घातलं आणि उठून हात पुसले.

"बाबूजी, कारखाने में तो सब नया माल होता है," तो म्हणाला. "यहाँ जंग से कुश्ती है।"

"तेल डालकर रात भर छोड़ देंगे।"

"रात भर? इसको तो एक महीना पहले से मनाना था।" मग थोडं गंभीर होऊन म्हणाला, "आप कर लो, कोई बात नहीं। लेकिन पचास किलोमीटर चलने के बाद मेरे पास भेज देना। हम तो हर ग्राहक को वापस बुलाते हैं, दोबारा कसने के लिए।"

"एकदाच नीट कसलं तर दुसऱ्यांदा कशाला?" असं मी मराठीतच म्हणालो. त्याला समजलं. तो हसला आणि गेला.

शनिवारी कामाला लागलो. घरी हे काम करणाऱ्यासाठी क्रम सांगतो. जमीन सपाट हवी. पुढच्या चाकांना दगड लावायचे. मागची बाजू जॅकने उचलायची, पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही. चासीखाली घोडी लावायची, म्हणजे लोखंडी स्टँड, आणि वजन तिच्यावर द्यायचं. नंतर पुढची बाजू अशीच. नव्या आणि जुन्या शॉकची लांबी शेजारी ठेवून मोजायची. नवा लांब असेल तर चाक जास्त खाली लोंबतं आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. तो पाइप तुटला तर शॉकच्या गप्पाच संपल्या. हे सगळं मी पाहिलं. पाइपाला दोन बोटं सैल जागा होती.

गंजाबाबत संतोषचं खरं ठरलं. आठ बोल्टांपैकी पाच सरळ निघाले. दोन निघाले ते प्यारेलालने पान्यावर पाइप चढवून पाय दिल्यावर. शेवटचा हॅक्सॉने कापून त्या जागी नवा आणावा लागला. त्यात रविवार गेला. माझा उजवा खांदा भरून आला होता, पण झोप चांगली लागली. बऱ्याच दिवसांनी.

सोमवारी दुपारी चारही शॉक बसले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शॉकच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतो आणि बोल्ट त्याला आरपार जातो. चाकं हवेत लोंबत असताना हा बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून चाकं हवेत असताना नट फक्त टेकेपर्यंत फिरवायचा. मग गाडी चाकांवर उतरवायची, तिचं वजन कमानींवर येऊ द्यायचं आणि त्यानंतर शेवटची आवळणी करायची, ठरलेल्या जोराने.

कारखान्यात ही दोन कामं दोन ठिकाणी होत. शॉक स्टेशन आठवर बसत. तिथे गाडीला चाकंच नसत, त्यामुळे तिथे आवळण्याचा प्रश्न नव्हता. आठवरचा फिटर नट टेकवायचा आणि त्यावर पांढऱ्या खडूने एक रेघ मारायचा. रेघेचा अर्थ: बसवला आहे, आवळलेला नाही. मग गाडी चाकांवर उभी राहून स्टेशन नऊवर जायची. तिथला फिटर टॉर्क रेंचने प्रत्येक नट आवळायचा. टॉर्क रेंच म्हणजे ठरलेला जोर झाला की टक् करून सांगणारा पाना. त्यानंतर तो नटावरून चासीवर जाणारी पिवळ्या रंगाची रेघ ओढायचा. नट नंतर जराही हलला तर रेघ तुटलेली दिसते.

आठवर मी होतो. नऊवर विनायक.

सोमवारी मी गाडी घोडीवरून उतरवली. चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिली. प्रत्येक वेळी ती एकदाच खाली गेली आणि वर येऊन थांबली. प्यारेलालने आवारात दोन चकरा मारल्या आणि स्पीडब्रेकरवरून नेली. एक झोका, आणि संपलं. डॉक्टर गच्चीवरून पाहत होत्या. त्यांनी वरूनच टाळी वाजवली.

"वा काका! मी उगाच घाबरून राहिले होते."

मी हात धुतले, हत्यारं पेटीत ठेवली आणि घरी गेलो.

मंगळवारी सकाळी गाडी कॅम्पला गेली. डॉक्टर, सरोज सिस्टर आणि प्यारेलाल. मी ऑफिसात होतो. साडेनऊच्या सुमारास प्यारेलालचा फोन आला.

"काकाजी, पीछे से खट-खट आ रही है। बाएँ तरफ।"

"कितनी?"

"खड्डे में ही आती है। वैसे गाड़ी मक्खन चल रही है।"

"नया रबर है, बैठ रहा है। चलाते रहो।"

"अच्छा। आगे टावर नहीं मिलेगा, इसलिए पूछ लिया।"

हे उत्तर मी सहज दिलं. वीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस असं उत्तर कसं देतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. आपण स्वतः केलेल्या कामातला आवाज वेगळा ऐकू येतो एवढंच म्हणतो.

मग मी गाडीचं रजिस्टर काढलं. त्याचे रकाने मीच आखलेले, कारखान्याच्या नमुन्यावर. तारीख, काम, कोणी केलं, कोणी तपासलं. पहिले तीन भरले. चौथ्या रकान्यात, सवयीने, माझीच सही करायला पेन टेकवलं. वीस वर्षं मी त्याच रकान्यात सही करत आलो होतो, पण दुसऱ्यांच्या कामाखाली. तपासलं म्हणजे काय काय तपासलं, ते मनात म्हणायची मला सवय आहे. लांबी. ब्रेकचा पाइप. बुश. आवळणी.

आवळणी कोणी केली?

मी डोळ्यांपुढे सोमवारची दुपार आणली. नट टेकवला. दुसरा टेकवला. आठही टेकवले. खडू मारला. प्यारेलालच्या मुलीचा खडू होता, मीच आणायला सांगितला होता. गाडी उतरवली. हात धुतले. टॉर्क रेंच पेटीतून निघालाच नव्हता. तो त्याच्या प्लास्टिकच्या खोक्यात होता आणि खोक्यावरचा कागदही मी काढलेला नव्हता.

मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर गाडी उतरवताना काहीतरी राहिल्यासारखं वाटलं असतं. मला काम पूर्ण झाल्यासारखं वाटलं होतं. माझ्या हातांच्या हिशेबाने माझं काम झालं होतं आणि गाडी पुढे गेली होती.

प्यारेलालचा फोन लागला नाही. डॉक्टरांचाही. कुंडमच्या पुढे लागत नाहीच. वर जाताना गाडी हळू जाते. मला भीती होती ती उतरण्याची. शॉकचं खालचं टोक सुटलं तर ते चाकामागे लोंबतं. आणि मागच्या डाव्या बाजूला, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, ब्रेकचा पाइप जातो. तोच, ज्याला मी दोन बोटं जागा मोजली होती.

टॉर्क रेंच घेतला, स्कूटर काढली आणि गोरखपूरला संतोषकडे गेलो. तो एका गाडीखाली होता. त्याचे पाय तेवढे दिसत होते. मी त्या पायांनाच सगळं सांगितलं. तो सरकून बाहेर आला.

"आठों?" त्याने विचारलं.

"आठों।"

"नट पुराने लगाए या नए?"

"जुने, कापलेला सोडून. स्प्रिंग वॉशरसकट."

जुना, दबलेला वॉशर नटाला धरून ठेवत नाही. मला वाटलं तो काहीतरी बोलेल. कुस्तीचं, नाहीतर पन्नास किलोमीटरचं. त्याने फडक्याला हात पुसले, चार नट आणि वॉशर खिशात टाकले आणि मोटरसायकलला किक मारली.

"बैठिए। पाना पकड़िए। और बाबूजी, स्कूटर की चाबी निकाल लीजिए, लगी हुई है।"

दीड तास लागला. डांबर संपल्यानंतर मी टॉर्क रेंच मांडीवर आडवा धरून बसलो होतो आणि दर वळणावर रस्त्याच्या कडेला पाहत होतो. संतोष एकदाच बोलला.

"ऊपर जाते टाइम कुछ नहीं होगा। डॉक्टर मैडम तीन बजे तक रुकती हैं। हम पहले पहुँच जाएँगे।"

त्याचा हिशेब बरोबर होता, पण त्या दिवशी मॅडम तीनपर्यंत थांबणार नव्हत्या. आम्ही गावात पोचलो तेव्हा गाडी शाळेसमोर तोंड फिरवून उभी होती. मागच्या सीटवर एक बाई आडवी होती, दिवस भरलेली, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन. प्यारेलालने इंजिन चालू केलं होतं.

डॉक्टर दार ओढून घेत होत्या. "काका? तुम्ही इथे काहून?"

"गाडी थांबवा."

"नाही थांबू शकत. हिचं बीपी वाढून राहिलंय, मला हिला ताबडतोब खाली न्यायचंय."

"मॅडम, शॉकचे बोल्ट आवळलेले नाहीत. मी आवळलेच नाहीत. मागचं डावं टोक सुटलं तर ब्रेक जाईल."

त्यांनी दार सोडलं. तिथे गावातली दहा-बारा माणसं होती. सरोज सिस्टर होत्या. मला तेव्हा कोणाचंच काही वाटलं नाही.

"किती वेळ?"

"पंद्रह मिनट," खालून आवाज आला. संतोष तोवर गाडीखाली गेला होता. "प्यारे, इंजन बंद कर, गियर में डाल। कोई पत्थर लगाओ चक्के को।"

"पेशंटला उतरवू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "वजन असलेलंच बरं. आवळायचे ते वजनावरच."

मी पलीकडच्या बाजूने आत सरकलो. संतोषने मागच्या डाव्या खालच्या नटाला बोट लावलं आणि तो बोटानेच फिरला.

"दो चूड़ी बची है," तो हळू म्हणाला. चूडी म्हणजे आटा. वॉशर तुटून वाटेत कुठेतरी पडला होता. शॉकचं टोक बोल्टावर बाहेर सरकून आलं होतं आणि ब्रेकच्या पाइपवर त्याने एक चकचकीत घासलेली खूण केली होती. पाइप शाबूत होता.

त्याने नवा वॉशर आणि नट घातला आणि साध्या पान्याने बसवला. मी टॉर्क रेंच लावला. टक्. पुढचा. टक्. मला खांदा उचलत नव्हता म्हणून चौथ्यानंतर रेंच त्याने घेतला आणि मी नट दाखवत गेलो.

"ये सफ़ेद निशान किसका है बाबूजी? सब पे है।"

"कारखान्याची पद्धत. इसका मतलब, अगला आदमी कसेगा।"

"अगला आदमी कौन?"

मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो. वर चासी होती आणि तिच्यावर वाळलेला चिखल.

"विनायक तांबे नाम था," मी म्हणालो. "अगले स्टेशन पर था मेरे। अभी डेढ़ महीना हुआ।"

 संतोषने हात पुढे केला.

"टॉर्च इधर दिखाइए। दाहिना वाला रह गया।"

तेरा मिनिटांत आठही झाले. प्यारेलालने गाडी काढली. ती पहिल्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो. मग शाळेच्या पायरीवर बसलो. कोणीतरी पाणी आणून दिलं. 

ती बाई वेळेवर दवाखान्यात पोचली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं दुसऱ्या दिवशी प्यारेलालने सांगितलं. खट-खटही थांबली होती, हे त्याने त्याच वाक्यात सांगितलं.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी लेखी दिलं होतं की चूक माझी आहे आणि गाड्यांचं काम मी सोडायला तयार आहे. त्यांनी कागद वाचला.

"हे काय आणलंत? मी कामावरून काढून राहिले का तुम्हाला?"

"काढायला हवं."

"काका, ऑपरेशन झाल्यावर आम्ही कापसाचे बोळे मोजतो. मी मोजते, मग सिस्टर मोजते. मला मोजता येत नाही म्हणून नाही." त्यांनी कागद दुमडून मला परत दिला. "ही पद्धत गाड्यांना लावा. आणि तुमचे मित्र गेल्यावर जी सुट्टी घ्यायला पाहिजे होती ती घेतली नाही तुम्ही. ती आता घ्या."

मी आठ दिवस घरी राहिलो. विनायकच्या घरी दोनदा जाऊन आलो. वहिनींनी विचारलं की कारखान्यात तुमच्या दोघांचं नेमकं काम काय होतं, कारण त्याने कधी धड सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सांगताना मला जाणवलं की अकरा वर्षांत त्याने मला एकदाही म्हटलं नव्हतं, तुझा अमुक नट सैल निघाला. माझे सगळेच नट सैल असायचे. तसेच असायला हवे होते. बाकीचं तो करायचा.

पुष्कळ वाचक विचारतील, शेवटी शॉक स्वतः बसवावेत की मिस्त्रीकडून बसवून घ्यावेत? माझं मत बदललेलं नाही. हत्यारं असतील, घोडी असेल, दोन दिवस वेळ असेल आणि खांदा धड असेल तर जरूर स्वतः बसवावेत. आपली गाडी खालून कशी आहे ते त्यामुळे कळतं. मिस्त्री हे काम जास्त लवकर करेल, कारण गंजलेला बोल्ट कसा मनवायचा ते त्याला येतं. ज्ञानात माझ्यात आणि संतोषमध्ये फार फरक नव्हता. फरक असा की त्याच्या हातांना माहीत आहे, आपल्यानंतर कोणी नाही. म्हणून तो ग्राहकाला परत बोलावतो. कारखान्यातल्या हातांना हे माहीत नसतं, आणि ते त्यांना सांगूनही चटकन कळत नाही.

आता आमच्याकडे नियम आहे. काम कोणीही करो, शेवटची आवळणी दुसऱ्याने करायची आणि पन्नास किलोमीटरनंतर गाडी गोरखपूरला न्यायची. रजिस्टराच्या चौथ्या रकान्यात बाहेरच्या मिस्त्रीने सही करावी का, यावर संस्थेच्या बैठकीत चर्चा झाली. संतोषकडे कसलंच सर्टिफिकेट नाही, असं एका सदस्याने काढलं. डॉक्टर म्हणाल्या, सर्टिफिकेट असलेल्यांच्या सह्या बऱ्याच आहेत आपल्याकडे. आता सही संतोषच करतो. मला अजूनही वाटतं की काही बाबतींत त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं. तपासायला मात्र जास्त कळणारा माणूस लागत नाही, दुसरा माणूस लागतो.